संगणकावरचं रसायन : डांबरगोळीपासून सुरुवात

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मुलुंडच्या घरी कपाटाकपाटांत डांबरगोळ्या पडतात. दिवाळीची साफसफाई काढली की त्यांच्या जागी वाटाण्याएवढे खडे सापडतात. गोळी विरघळली नाही, वितळली नाही, नुसती हवेत गेली. शाळेत याला संप्लवन म्हणायला शिकवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. खरा प्रश्न मागेच राहतो. गोळीतल्या नॅफ्थलीनचे रेणू एकमेकांना धरून होते तरी कशाने? त्यांच्यावर ना धन भार, ना ऋण. हायड्रोजन बंध करायला ऑक्सिजन नाही की नायट्रोजन नाही. तरी गोळी चिमटीत धरता येते, म्हणजे काहीतरी धरून आहे. चार महिन्यांत उडून जाते, म्हणजे फार घट्टही नाही. (हल्ली पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या गोळ्याही याच नावाने खपतात, तेव्हा पाकीट वाचून घ्या.)

रेणूने रेणूला किती घट्ट धरलंय, हे आकड्यात सांगणं हेच संगणकीय रसायनशास्त्राचं रोजचं काम. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत किती रुततो, पाणी काचेवर का पसरतं आणि मेणकागदावर थेंब का होतो, मोबाइलच्या पडद्यातले सेंद्रिय रेणू कसे रचले जातात, सगळीकडे प्रश्न तोच. बीएस्सीचं रसायनशास्त्र झालंय पण असं गणित कधी चालवलेलं नाही, अशांसाठी हे लिहितेय. मी शहरातल्या एका कॉलेजात एमएस्सीच्या मुलांना हा विषय शिकवते. दरवर्षी त्याच त्या चुका बघते, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या स्वतःच्या करून झालेल्या आहेत.

सुरुवातीलाच एक अट घालते. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे, ते गणित आधी करायचं. संगणकाला चुकीचा प्रश्न घातला तरी तो दशांश चिन्हापुढे बारा आकडे छापून मोकळा होतो. प्रयोगशाळेत चूक झाली तर निदान वास येतो, रंग बदलतो, बीकर तडकतो. इथे काहीच होत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर ताडून बघायला एक माहितीतला आकडा दिलाय. तो जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी पहिली : यंत्र आणि सामान

आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. लॅमिंग्टन रोडला जाऊन ग्राफिक्स कार्ड आणायची घाई नको. त्याची गरज शेवटच्या पायरीला लागेल, आणि तेव्हाही गूगल कोलॅबवर उसनं मिळतं. विंडोज असेल तर त्यातच उबुंटू बसवून घ्या, कारण या क्षेत्रातलं जवळपास सगळं सामान लिनक्सवर वाढलेलं आहे. काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. दोन संध्याकाळी पुरतात.

सॉफ्टवेअर सहा. रेणू काढायला अवोगाड्रो. इलेक्ट्रॉनांचं गणित करायला ओर्का, शैक्षणिक वापरासाठी नोंदणी केली की मोफत. पूर्ण मुक्तस्रोत हवं तर साय-फोर. झटपट अंदाजासाठी एक्सटीबी. प्रथिनांच्या हालचालीसाठी ग्रोमॅक्स. डॉकिंगसाठी, म्हणजे छोटा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवून बघायला, ऑटोडॉक विना. एका दिवसात सगळी बसवू नका, पहिली दोनच पुरे.

फाइलींच्या नावांत मोकळी जागा आणि देवनागरी अक्षरं टाळा. ‘नवीन फोल्डर’ नावाच्या फोल्डरात ठेवलेला जॉब (संगणकाला दिलेलं एक गणित) का चालत नाही, हे शोधण्यात एका विद्यार्थ्याचा अख्खा शनिवार गेला होता. आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा : तारीख, फाइलचं नाव, कोणती पद्धत, कशासाठी. ‘टेस्ट-फायनल-नवीन-२’ नावाच्या फाइलीत काय होतं ते तीन महिन्यांनी कोणालाही सांगता येत नाही.

पायरी दुसरी : पाण्याचा एक रेणू

हसू येईल, पण पहिला जॉब पाण्याच्या एका रेणूचा. अवोगाड्रोत तो काढा आणि त्याच्याच मेनूतून ओर्काची इनपुट फाइल तयार करा. त्या फाइलीत चार गोष्टी असतात : पद्धत, बेसिस सेट, काय करायचं ते, आणि अणूंच्या जागा.

पद्धत म्हणून डीएफटी, म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरी, घ्या. १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोह्न यांनी दाखवलं की प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा वेगळा हिशेब न ठेवता, रेणूत कुठे किती इलेक्ट्रॉन दाटलेत एवढी घनता कळली तरी मूळ स्थितीची ऊर्जा काढता येते. पुढच्या वर्षी कोह्न आणि शॅम यांनी ते प्रत्यक्ष करायची वाट दिली. वॉल्टर कोह्नना त्यासाठी १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वाटेत एक तुकडा असा आहे की ज्याचं अचूक सूत्र कोणाकडेच नाही. तो जो तो आपापल्या परीने अंदाजतो, आणि त्या अंदाजांनाच बी-थ्री-एलवायपी, पीबीई अशी नावं आहेत. सुरुवातीला बी-थ्री-एलवायपी घ्या. बेसिस सेट म्हणजे इलेक्ट्रॉनांचे ढग रेखाटायला दिलेल्या आकारांचा संच. जितके जास्त आकार, तितकं चित्र नेमकं आणि तितका वेळ जास्त. डेफ-टू-टीझेडव्हीपी हा बेताचा, चांगला संच आहे.

‘काय करायचं’ मध्ये दोन कामं सांगा : आकार ऑप्टिमाइझ कर (म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेचा आकार शोध) आणि कंपनं काढ. मग भार शून्य, मल्टिप्लिसिटी (सुट्या इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) एक. हा दुसरा आकडा सगळे डोळे मिटून एक ठेवतात. पाण्यात सगळे इलेक्ट्रॉन जोडीने आहेत म्हणून एक बरोबर. पण हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन सुटे असतात, तिथे तीन लागतात. एक लिहिलंत तर प्रोग्रॅम कुरकुर न करता भलत्याच ऑक्सिजनचं गणित करून देईल.

जॉब एक-दोन मिनिटांत संपतो. आता ताडून बघा. ओ-एच बंधाची लांबी ०.९६ अँगस्ट्रॉमच्या आसपास, कोन १०४.५ अंशांच्या जवळ. कंपनं तीन यायला हवीत. प्रयोगात ती १५९५, ३६५७ आणि ३७५६ प्रति सेंटिमीटरला दिसतात. तुमचे वरचे दोन आकडे शे-दीडशेने जास्त येतील. घाबरू नका : गणित बंधाला आदर्श स्प्रिंग मानतं आणि खरा बंध ताणला की सैल पडत जातो, त्यामुळे हा फरक ठरलेलाच आहे. घाबरायचं ते ऋण आकडा दिसला तर. ऋण कंपन म्हणजे रेणू दरीच्या तळाशी नाही, खिंडीत अडकलाय. आकार थोडा हलवून पुन्हा ऑप्टिमाइझ करा.

पायरी तिसरी : पाण्याचे दोन रेणू

इथे खरा विषय सुरू होतो, आणि मी इथे रेंगाळणार आहे.

दोन रेणू अशा रीतीने ठेवा की एकाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे तोंड करून असेल. ऑप्टिमाइझ करा. दोन्ही ऑक्सिजनांतलं अंतर २.९ अँगस्ट्रॉमच्या आसपास स्थिरावेल. आता जोडीच्या ऊर्जेतून दोन सुट्या रेणूंची ऊर्जा वजा करा. उरेल ती आंतरक्रियेची ऊर्जा, म्हणजे एकमेकांना धरण्याची किंमत.

आकडे हार्ट्री या एककात येतात. एका रेणूचे सुमारे उणे ७६.४, जोडीचे सुमारे उणे १५२.९. फरक येतो ०.००८ च्या घरात. एक हार्ट्री म्हणजे ६२७.५ किलोकॅलरी प्रति मोल, त्यामुळे उत्तर सुमारे उणे ५ किलोकॅलरी. अत्यंत काटेकोर गणितांनीही पाण्याच्या जोडीसाठी ५ च्याच आसपासचा आकडा दिलेला आहे. तुमचा ४.५ ते ६ मध्ये आला तर पहिला दिवस सार्थकी.

पण आपण काय केलं ते पाहा. दहा टनांचा ट्रक वाशीच्या मार्केटबाहेर वजनकाट्यावर चढवला, त्यातून अर्धा किलो कांदे उतरवले, ट्रक पुन्हा चढवला, आणि दोन पावत्यांच्या वजाबाकीवरून कांद्यांचं वजन सांगितलं. प्रमाण खरोखर तेवढंच आहे. म्हणूनच दोन्ही वेळा काटा तोच हवा. जोडीला एक बेसिस सेट आणि सुट्या रेणूंना दुसरा, किंवा एका जॉबमध्ये ओर्काची एक आवृत्ती आणि दुसऱ्यात दुसरी, असं केलंत की उत्तर कांद्यांचं नसतं, काट्यांमधल्या फरकाचं असतं. विद्यार्थी ‘बंधनऊर्जा उणे ३४० किलोकॅलरी’ असा आकडा घेऊन येतात तेव्हा दहांतल्या नऊ वेळा हेच झालेलं असतं.

काटा तोच ठेवूनही एक चोरी राहते. बेसिस सेट अपुरा असतो. जोडीत बसल्यावर प्रत्येक रेणू शेजाऱ्याच्या संचातले आकार वापरून स्वतःचं चित्र सुधारून घेतो. चाळीत वाटीभर साखर शेजारून यावी तसं. सुटा असताना ती वाटी नव्हती. त्यामुळे जोडी आहे त्याहून जास्त स्थिर दिसते. बॉइज आणि बर्नार्डी यांनी १९७० मध्ये यावर सरळ तोड काढली : सुट्या रेणूचं गणित करतानाही शेजाऱ्याचा संच तिथे ठेवायचा, फक्त शेजारी नाही. अणू नाही, इलेक्ट्रॉन नाहीत, नुसते आकार. प्रोग्रॅममध्ये या अणूंना ‘घोस्ट’ म्हणतात, आमच्या वर्गात ‘भुतं’. भुतं घालून आणि न घालता, दोन्ही आकडे काढा. लहान बेसिस सेटला फरक मोठा, मोठ्या सेटला लहान. हा फरक स्वतः पाहिला की बेसिस सेट म्हणजे काय हे व्याख्येवाचून कळतं.

आता अंतर बदलत जा. ऑक्सिजन-ऑक्सिजन २.४ पासून ५ अँगस्ट्रॉमपर्यंत, दर पावलाला ऊर्जा काढा आणि आलेख मांडा. लोकलच्या दुसऱ्या वर्गात चौथ्या सीटवर बसलेल्याला हा आलेख लगेच ओळखू येईल. लांब असताना एकमेकांशी देणंघेणं नाही. जवळ आलं की टेकायला बरं वाटतं. त्याहून जवळ सरकलं की खांद्याला खांदा घासतो आणि मग एक इंचही मिळत नाही. रेणूंचंही तसंच : उजवीकडे सपाट, मध्ये उथळ खड्डा, डावीकडे एकदम भिंत. ही भिंत विद्युतभारांच्या धक्क्यापेक्षा पाउलीच्या नियमामुळे उभी राहते, कारण भरलेल्या इलेक्ट्रॉन-ढगांना एकाच जागेत घुसता येत नाही.

एक मापपट्टी जवळ ठेवा. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या नुसत्या वळवळीची ऊर्जा सुमारे ०.६ किलोकॅलरी. आणि १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे समतोलात दहापटीचा फरक. ही दोन वाक्यं भिंतीवर चिकटवा. पुढे डॉकिंगच्या वेळी लागणार आहेत.

पायरी चौथी : आता डांबरगोळी

नॅफ्थलीनचे दोन रेणू एकावर एक ठेवा, साधारण ३.५ अँगस्ट्रॉमवर, आणि तोच बी-थ्री-एलवायपी चालवा. रेणू एकमेकांपासून दूर सरकतील. संगणकाच्या मते ते एकमेकांना धरतच नाहीत, म्हणजे तुमच्या कपाटात गोळी असूच शकत नाही.

कपाट बरोबर आहे, गणित चूक. फ्रिट्झ लंडनने १९३० मध्ये समजावलं होतं की भार नसलेल्या रेणूंतही इलेक्ट्रॉनांचा ढग क्षणोक्षणी डोलत असतो. एकाचा ढग इकडे झुकला की शेजारचा त्याला साथ देतो, आणि त्या साथीतून एक बारीक ओढ तयार होते. या ओढीला डिस्पर्शन म्हणतात. साधा बी-थ्री-एलवायपी जवळपासच्या घनतेकडेच बघतो, दूरच्या शेजाऱ्याच्या डोलण्याचा त्याला पत्ता नसतो. पाण्यात ही उणीव झाकली गेली, कारण तिथे मुख्य ओढ विद्युतभारांची होती. नॅफ्थलीनमध्ये डिस्पर्शन सोडून फारसं काही नाहीच.

उपाय एका शब्दाचा आहे. इनपुटच्या पहिल्या ओळीत डी-थ्री ही दुरुस्ती जोडा. श्टेफान ग्रिमं आणि सहकाऱ्यांनी ती २०१० मध्ये मांडली आणि तिचा वेळेतला खर्च जवळजवळ शून्य. आता रेणू एकत्र राहतील, आणि बरोब्बर एकावर एक न बसता किंचित सरकून बसतील. हे सरकणंही खरं आहे. बेन्झीनच्या जोडीतही सरकलेली आणि ‘टी’ आकाराची मांडणी जवळपास बरोबरीने जिंकतात, दोन्ही सुमारे २.७ किलोकॅलरीला.

मुलं इथे उत्साहाने पुढे जातात आणि अडखळतात. नॅफ्थलीनच्या संप्लवनाला लागणारी उष्णता पुस्तकात सापडते : मोलमागे सुमारे ७२ किलोज्यूल, म्हणजे १७ किलोकॅलरी. आपल्या जोडीचा आकडा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. चुकलं काय? काहीच नाही. गोळीतला रेणू एका शेजाऱ्याला धरून नसतो, चहूबाजूंनी वेढलेला असतो. नॅफ्थलीनच्या स्फटिकात रेणू बांगड्याच्या काट्यांसारखे तिरपे-तिरपे रचलेले असतात. प्रत्येक शेजाऱ्याबरोबरची ऊर्जा काढा, बेरीज करा आणि निम्मी करा, कारण प्रत्येक जोडी दोघांत वाटलेली आहे. आकडा १७ च्या दिशेने चढत जाताना पाहणं हा माझा या अभ्यासक्रमातला सर्वांत आवडता तास आहे. एका रेणूपासून हातातल्या वस्तूपर्यंतचा रस्ता तिथे पहिल्यांदा दिसतो.

लॅपटॉप दमत असेल तर आधी एक्सटीबीने आकार बसवून घ्या आणि मग ओर्काला द्या. छत्तीस अणूंचं काम त्याने बरंच हलकं होतं. आणि मोठा जॉब रात्रभर लावून झोपणार असाल तर विजेचा भरवसा धरू नका. जुलैतल्या एका रात्री आमच्या भागातली वीज गेली, लॅपटॉपची जुनी बॅटरी वीस मिनिटांत संपली आणि अकरा तासांचं गणित गेलं. अर्धवट निकाल कुठल्या फाइलीत साठतो आणि तिथून पुन्हा कसं सुरू करायचं, हे मी दुसऱ्या दिवशी शिकले. तुम्ही आदल्या दिवशी शिका.

पायरी पाचवी : अख्खा स्फटिक

पदार्थविज्ञानाकडे जायचं असेल तर सुटे रेणू सोडून सगळीकडे पसरलेल्या जाळीचं गणित करावं लागतं. एक पेटी घ्यायची आणि ती सर्व दिशांना अनंत वेळा ठेवली आहे असं मानायचं. यासाठी क्वांटम एस्प्रेसो हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चांगलं.

पहिला पदार्थ मीठ. भांडुप-वडाळ्याच्या मिठागरांतलं असो वा पुडीतलं, स्फटिकाच्या घनाची बाजू ५.६४ अँगस्ट्रॉमच असते. पीबीईने ती जरा फुगून ५.७ च्या आसपास येते. इथे दोन आकडे तुम्हाला ठरवावे लागतात, ऊर्जेचा कटऑफ (इलेक्ट्रॉनांचं चित्र काढायला लाटांचा संच कुठवर घ्यायचा) आणि के-पॉइंटची जाळी (स्फटिकातल्या लाटा किती ठिकाणी तपासायच्या). दोन्ही वाढवत न्या आणि उत्तर हलायचं थांबलं की तिथे थांबा. कोणाच्या तरी फाइलीतून ते उचलू नका.

दुसरा पदार्थ सिलिकॉन, मुद्दाम चूक बघण्यासाठी. त्याचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनाला मोकळं फिरू लागायला लागणारी किमान ऊर्जा) खरा १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, पीबीई सांगेल साधारण ०.६. हा तुमचा दोष नाही, पद्धतीचा ठरलेला दोष आहे. सौर पेशीसाठी पदार्थ शोधणाऱ्याने हे पहिल्याच आठवड्यात बघितलेलं बरं.

पायरी सहावी : प्रथिनाच्या खाचेत

प्रथिनात हजारो अणू, वर पाणी. सगळ्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब इथे परवडत नाही. म्हणून अणूंना गोट्या, बंधांना स्प्रिंगा मानून फोर्स फील्ड वापरतात. जिथे बंध तुटतो-जुळतो तेवढ्याच कोपऱ्यात क्वांटम गणित ठेवायचं, ही युक्तीही याच कुळातली. कारप्लस, लेविट आणि वॉर्शेल यांना २०१३ चं नोबेल मिळालं ते अशा जोडकामासाठी.

सुरुवात डॉकिंगने करा, पण ओळखीच्या जोडीवर. प्रोटीन डेटा बँक १९७१ पासून प्रथिनांच्या रचना साठवतेय, आज तिथे दोन लाखांहून अधिक आहेत आणि सगळ्या मोफत. त्यातली थ्री-पीटीबी ही नोंद घ्या : ट्रिप्सिन हे पचनाचं विकर आणि त्याच्या खाचेत बसलेला बेन्झअमिडीन हा छोटा रेणू. रेणूचं धन भाराचं टोक खाचेच्या तळाशी असलेल्या १८९ क्रमांकाच्या अ‍ॅस्पार्टेटच्या ऋण भाराला धरून बसलेलं दिसेल. आता रेणू बाहेर काढा, विनाला सांगा की खाच ही आहे, बसव. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसला तर तुमची तयारी बरोबर.

नाही बसला तर बहुतेक वेळा चूक तयारीतच असते. क्ष-किरणांच्या रचनेत हायड्रोजन सहसा दिसत नाहीत, ते आपण घालतो. हिस्टिडीनला हायड्रोजन कुठल्या नायट्रोजनवर द्यायचा, की दोन्हींवर, हे विचारपूर्वक ठरवायचं असतं. बेन्झअमिडीनवरचा धन भार विसरलात तर अ‍ॅस्पार्टेटने त्याला धरावं तरी का?

आता जरा चिडून लिहिते. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे प्रकल्पासाठी येणाऱ्या दर दोन मुलांमागे एकाला हळदीतलं कर्क्युमिन कुठल्यातरी प्रथिनात डॉक करायचं असतं. स्कोअर (विनाने अंदाजलेली धरण्याची ऊर्जा, किलोकॅलरीत) उणे ८ येतो, पोस्टर छापलं जातं, ‘हळद अमुक रोगावर गुणकारी’. विनाच्या स्कोअरमधली चूक जवळपास तीन किलोकॅलरीची असते. भिंतीवर चिकटवलेलं वाक्य आठवा : १.४ ला दहापट, म्हणजे तीनला शंभरपटीहून जास्त. शिवाय रेणू मोठा असला की त्याला टेकायला जागा जास्त, म्हणून स्कोअर आपोआप वाढतो. कर्क्युमिन लांबलचक आहे, त्याला सगळीकडे चांगला स्कोअर मिळतो. २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या एका सविस्तर आढाव्यात ते अस्थिर, भलत्याच गोष्टींशी अभिक्रिया करणारं आणि शरीरात नीट न शोषलं जाणारं ठरलं. हळद भाजीत घाला, जरूर घाला. डॉकिंगचा उपयोग हजार रेणूंतून आधी कुठले पन्नास तपासावेत हे ठरवायला. निकालपत्र म्हणून नाही.

रचना मुळातच उपलब्ध नसेल तर अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमने भाकीत केलेली मिळते; या कामासाठी २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलात हसाबिस आणि जम्पर यांचा वाटा होता. तिच्यात जागोजागी विश्वासाचे रंग दिलेले असतात. ते रंग न बघता खाचेत रेणू बसवायला घेऊ नका.

पायरी सातवी : हलू द्या

डॉकिंगमध्ये प्रथिन जवळपास दगडासारखं स्थिर धरलेलं असतं. खरं प्रथिन श्वास घेतल्यासारखं हलतं. ते बघायला मॉलिक्युलर डायनॅमिक्स, सगळे म्हणतात ‘एमडी’.

अंड्याच्या पांढऱ्या भागातलं लायसोझाइम हे सरावाचं प्रथिन, १२९ अमिनो आम्लांचं. ग्रोमॅक्समध्ये क्रम असा : फोर्स फील्ड निवडा, प्रथिन पेटीत ठेवा, पेटी पाण्याने भरा, भार शून्य करायला आयन घाला. उदासीन पाण्यात लायसोझाइमवर उणे नाही, अधिक ८ भार असतो, म्हणजे आठ क्लोराइड. मग ऊर्जा उतरवून घ्या, तापमान बसवा, दाब बसवा, आणि शेवटी मोकळं सोडा. तापमान बहुतेक जण ३०० केल्विन ठेवतात. पुस्तकांतलं २९८ म्हणजे २५ अंश, मुंबईत मे महिन्यात ते फक्त एसीच्या डब्यात भेटतं. शरीरातल्या गोष्टीसाठी ३१० घ्या.

प्रत्येक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं. एका नॅनोसेकंदाला ५ लाख पावलं, एका मायक्रोसेकंदाला ५० कोटी. ग्राफिक्स कार्ड लागतं ते इथे. पावलं याहून फार मोठी टाकता येत नाहीत, कारण हायड्रोजनांची थरथर फार जलद असते आणि मोठ्या पावलात ती हुकते. मग अणू एकमेकांत घुसतात आणि पेटी ‘फुटते’. जॉब सुरुवातीलाच फुटला तर ऊर्जा उतरवण्याचं पाऊल नीट झालं होतं का ते आधी बघा.

माझ्या पहिल्या एमडीत प्रथिनाचे मधोमध दोन तुकडे झाले आणि ते पेटीच्या दोन टोकांना गेले. मी दोन दिवस फोर्स फील्ड बदलत बसले. प्रथिन धड होतं. पेटी सगळीकडे तीच असल्यामुळे उजवीकडून बाहेर पडलेला अणू डावीकडून आत येतो, आणि चित्र काढताना ते पुन्हा जोडून घ्यायचं असतं. ग्रोमॅक्समध्ये त्यासाठी एक साधी आज्ञा आहे. ती शोधायला मला तिसरा दिवस लागला.

एकच रन करून निष्कर्ष काढू नका. सुरुवातीचे वेग बदलून निदान तीन करा. तिन्हींत दिसलं ते सांगण्यासारखं. एकात दिसलं तो योगायोगही असू शकतो.

अडलात तर

मुंबईत या विषयाला माणसं कमी नाहीत. कुलाब्याची टीआयएफआर, पवईची आयआयटी, ट्रॉम्बेचं बीएआरसी इथे सैद्धांतिक आणि संगणकीय रसायनशास्त्राचं काम चालतं. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस उपक्रम आहे, आणि टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधन कार्यक्रम. दोन्हींच्या अर्जाच्या तारखा संकेतस्थळांवर वेळीच बघा, हुकल्या की वर्ष जातं.

कुणा प्राध्यापकांना मेल लिहिणार असाल तर ‘सर, मला या क्षेत्रात खूप रस आहे’ एवढंच लिहू नका. पाण्याच्या जोडीचा आलेख जोडा, भुतांसह आणि भुतांविना. जॉब अडला म्हणून विचारत असाल तर पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो नको. इनपुट फाइल पूर्ण, आउटपुटच्या शेवटच्या पन्नास ओळी, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि एक वाक्य : मला हा आकडा अपेक्षित होता, हा आला. बहुतेकदा ते वाक्य लिहितानाच चूक सापडते आणि मेल पाठवायची वेळ येत नाही.